सात्यांची जागा

१९७९ सालच्या श्रावणात एका सकाळी, अंगणात दात घासताना, माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. सात्या कुठे निघतात ते त्यांनी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

सात्या म्हणजे श्रावणात, रात्री वीज कडाडली की सकाळी वारुळाच्या अंगावर उगवणाऱ्या पांढऱ्या रानछत्र्या. त्यांची भाजी होते. साकोलीच्या बाजारात बाया त्या पळसाच्या पानावर वाटे लावून विकतात आणि मटणापेक्षा जास्त भाव सांगतात. आमच्या घरी त्या विकत आणत नसत. आमच्या घराण्याची स्वतःची जागा होती. आजोबांनी मरताना ती माझ्या वडिलांना सांगितली होती. वडील मरताना मला, थोरल्या मुलाला, सांगणार होते. तिथे एकट्याने जायचं, लोखंड न्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, असे नियम होते. घराण्याचा म्हणून जो काही वारसा आहे तो एवढाच. आमच्यात कोणी लढाईवर गेलं नाही, कोणी देऊळ बांधलं नाही, तलाव खोदल्याचीही नोंद नाही. वर्षातून दोनतीनदा एक भाजी होत असे आणि तिच्यावर आम्ही वर्षभर ताठ मानेने वावरत असू.

मी तेव्हा नागपुरात एका दैनिकात उपसंपादक होतो. सुट्टीत गावी आलो की मुलीला घेऊन शेतं, तलावाची पाळ, जंगलाची कड असा हिंडायचो. नागपुरात याला मी निसर्गाची आवड म्हणत असे. गावात त्याला 'पेपरवाला रिकामा हिंडून राहिला' म्हणत. हिंडताना माझी नजर कुठल्या वारुळावर असे ते माझ्या बायकोला ठाऊक होतं. मुलीला मी घराण्याच्या जागेबद्दल अभिमानाने सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "आणि आजोबा विसरले तर?" असं होत नसतं, असं मी तिला सांगितलं होतं.

साकोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पाय सुधारेल, वाचेचं सांगता येत नाही. माझ्या धाकट्या भावाने, जो घरची शेती करत असे, त्यांना पहिला प्रश्न विचारला: "लिवून दाखवतीन का?" बाबांना लिहिता येत नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं.

आई म्हणाली, "पहिले त्याइले पाणी पाजा. मंग जागा पुसा."

बाबा बसू लागल्यावर, धान कापणी आटोपून जमीन वाळली तेव्हा, भावाने बैलगाडीत गादी टाकली आणि आम्ही त्यांना शेतभर फिरवलं. आई सोबत होती. प्रत्येक तुकड्यापाशी गाडी थांबे आणि भाऊ ओरडून विचारे, "बाबा, इथी का?" ऐकण्यात बाबांना काहीच बिघाड नव्हता. तलावाखालच्या बांध्यांमध्ये, जिथे आमचं चांगलं धान पिकतं, बाबा डुलक्या घेत होते. शेजाऱ्याच्या धुऱ्यापाशी, म्हणजे त्याच्या आणि आमच्या शेतामधल्या बांधापाशी, ते दुसरीकडे पाहत होते. बरडीवर मात्र त्यांनी डावा हात उचलला. तोंडातून काही आवाजही आला. बरड म्हणजे आमचा जंगलाकडचा दगडी तुकडा. पाऊस बरा झाला तर तिथे तीळ होतो. मी उडी मारून उतरलो. वारुळं होती.

"अरे, त्याइले खाली उतरवा," आई म्हणाली. "लघवीले लागली असन."

उतरवलं. तिचं बरोबर होतं. पण हात वारुळांच्या दिशेने उचलला गेला होता, हे मी स्वतः पाहिलं होतं.

फाल्गुनात वाटणी झाली. बाबांच्या हातून आता कारभार होणार नव्हता, आणि भावाला तो एकट्याच्या अंगावर नको होता. आमच्याकडची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मी दोन वाटे पाडले. एकात तलावाखालच्या सगळ्या बांध्या. दुसऱ्यात बरड. पहिला वाटा जड व्हावा आणि भावाने तोच उचलावा म्हणून, शेजाऱ्याशी कोर्टात चाललेला धुऱ्याचा कज्जाही मी त्यासोबत देऊन टाकला. हा कज्जा आजोबांच्या वेळचा होता.

आदल्या संध्याकाळी बायकोला हे सांगितलं. ती पवनीकडची. तिथे शब्द वाया घालवत नाहीत.

"तुमी पेपरात दुसऱ्याइच्या चुका दुरुस्त करता ना?" तिने विचारलं.

"हो."

"बाजारात पानावर वाटा भेटते. त्याच्यासाठी बांधी कायले देता?"

विकत घेणं वेगळं आणि वारसा वेगळा, असं मी तिला समजावलं. ती भांडी घासायला गेली.

पंचांसमोर भावाने क्षणही घेतला नाही. "मले तलावाखालची," तो म्हणाला. मग त्यालाच शंका आली. "दादा, काही घोटाळा त नाई ना गा?"

घोटाळा नव्हता. पंचांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी मला नारळ आणि शेला दिला. "पेपरात काम करते, पण नियत साफ हाये," ते म्हणाले. भावासाठी पाणी सोडणारे भाऊ आजकाल कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. खाटेवर बसलेले बाबा तोंडाने आवाज करत होते, त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बापाला गहिवरून आलं, असं पंचांनी मोठ्याने नोंदवलं. दोघांनी डोळे पुसले. माझ्या बायकोने पुसले नाहीत.

१९८० च्या श्रावणात मी रजा घेऊन आलो आणि बरडीवर मालक म्हणून जाऊ लागलो. रोज पहाटे, मुलीला घेऊन, भिजत. पहिल्या वारुळात साप होता. दुसऱ्यापाशी मुलीची चप्पल चिखलात गेली. तिसरं वारूळ हे वारूळ नसून मातीचा ढीग होता.

मग एका रात्री वीज कडाडली. सकाळी बाबांनी डोक्यावर शेला घेतला, काठी उचलली आणि पाय ओढत निघाले. एवढं चालणं त्यांना तोवर जमू लागलं होतं. मी आणि मुलगी अंतर ठेवून मागे निघालो. बाबा बरडीकडे वळले नाहीत. ते पाळीवर चढले, पलीकडे उतरले, भावाच्या बांध्यांमधून चालत गेले आणि धुऱ्यावर पोचले. कज्जा चालू होता तो धुरा.

त्या धुऱ्याची रुंदी हाच वाद होता. एक बैल जाईल एवढ्या पट्टीवरून दोन घरांनी बोलणं टाकलं होतं. लग्नाला जायचं नाही, मयतीला जायचं नाही, विहिरीचं पाणी घ्यायचं नाही. कज्जा असल्यामुळे कोणीही धुऱ्याला हात लावू शकत नव्हतं; ना कुदळ, ना नांगर. त्यावर झुडपं माजली होती आणि मधोमध एक मोठं वारूळ झालं होतं. त्या सकाळी ते पांढरं झालं होतं.

वारुळाशी शेजारचा म्हातारा उकिडवा बसला होता. बाबा त्याच्या समोर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही हाताने सात्या उपटत होते आणि दोन पळसाच्या पानांवर ठेवत होते. एका पानावर जास्त झाल्या की दुसरा घसा खाकरे, आणि पहिला दोनचार उचलून त्याच्या पानावर टाके. एक शब्द झाला नाही. बोलणं बंद आहे हा नियम दोघं काटेकोर पाळत होते.

मुलीने मला हळू विचारलं, "आपलं यांच्याशी भांडण आहे ना?"

म्हाताऱ्याने ऐकलं. माझ्याशी बोलणं त्यालाही वर्ज्य होतं, म्हणून तो तिच्याशी बोलला. "बाई, तुया बाबाले सांग, धुऱ्यावर पाय नोको देऊ. कज्जा चालू हाये."

मी पाय मागे घेतला.

"अन् हे बी सांग का तोंड बंद ठेव म्हणा. तुया आज्यानं जलमभर ठेवलं. तवा त्याची जीभ कोठी गेली होती?"

कज्ज्याची मोजणी ठरायची वेळ आली की दोन्ही बाजूंपैकी कोणीतरी हरकत घेत असे, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तारखेच्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून बसने भंडाऱ्याला जात. त्याच बसमध्ये शेजारचा म्हाताराही असे, वेगळ्या बाकावर. दोघं त्याच बसने परत येत आणि त्या संध्याकाळी दोन्ही घरांत एकमेकांना शिव्या दिल्या जात.

धुरा भावाच्या वाट्यात होता. मीच तो सोबत दिला होता. या माहितीचं काय करायचं ते मला सुचलं नाही. सूत्राचं नाव न सांगण्याची आमच्या धंद्यात रीत आहे. मी तिचा आधार घेतला आणि नागपूरला परतलो.

१९८१ च्या उन्हाळ्यात भावाने आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या मुलाने आपसात तडजोड केली. दोघांनाही धुरा सरळ करून हवा होता. मोजणी झाली, हद्द ठरली. दगड तेवढे रोवायचे होते. त्या दिवशी आमच्या घरी जेवण ठेवलं. आजोबांच्या काळानंतर पहिल्यांदा ते घर आमच्या अंगणात जेवायला बसत होतं. पंच होतेच. मीही आलो होतो. भावाने मला सांगितलं की हद्द वारुळाच्या अलीकडून जाते, म्हणजे वारूळ त्यांच्याकडे जातं.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "वारूळ कायले पायजे? सापाचं घर."

मी त्याला गोठ्यामागे नेलं आणि सगळं सांगितलं. घराण्याचा नियम तिथे मोडला.

भावाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, बांधी वापस पायजे असन त सिद्धा सांग."

"बांधी नको. फक्त वारूळ सोडू नको."

"सात्या तर तुया बरडीवर हायेत ना? बाबानं हात दाखवला म्हणे." आणि तो अंगणाकडे वळून ओरडला, "आयका गा! दादाले आता धुरा पायजे!"

पंचांमधले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मंग तो शेला वापस करा लागन, पेपरवाले." पंगत हसली.

"मी पाहिल्या होत्या," माझी मुलगी म्हणाली.

"तू त पायशीनच," भाऊ म्हणाला. "तुया बाबाची लेक ना तू."

दोन्ही घरांचं बोलणं त्या सकाळपासून सुरू झालं होतं, म्हणून मी सरळ शेजारच्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. "काकाजी, तुम्ही सांगा यांना."

त्याने भात कालवणं थांबवलं नाही. "मले का मालूम बापा? तुया बाबासंग मी त जलमात कधी बोललोच नाई." मग घास घेऊन म्हणाला, "पूस ना त्याइले."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने आपल्या पत्रावळीकडे पाहिलं. बाबांनी डावा हात उचलला आणि कढीच्या पातेल्याकडे दाखवला.

आईने कढी वाढली.

"पाहा, हात दाखवला," माझी बायको मला म्हणाली.

दुपारी हद्दीचे दगड रोवले. वारूळ त्या बाजूला गेलं. भावाने आणि म्हाताऱ्याच्या मुलाने एकमेकांना शेला दिला. मला या वेळी काही मिळालं नाही.

त्या वर्षी बरडीवर तीळ पेरला होता. श्रावणात मी रजेवर गावी होतो. एका सकाळी बाबा काठी घेऊन पाळीच्या दिशेने गेले आणि पळसाच्या पानात बांधलेला एक वाटा घेऊन परत आले. तो त्यांनी आईच्या हातात दिला. आईने भाजी केली. वाटणीनंतरही सण असला की आम्ही एकाच चुलीचं जेवत असू, आणि त्या दिवशी पोळा होता. भावाने भाजी दोनदा मागून घेतली.

"कोठच्या होत गा, बाबा?" त्याने विचारलं.

बाबांची वाचा तोवर परत आलेली नव्हती.