एका माणसाला डबल कशाला?

आता कसं सांगू तुम्हाला! लोकांची फजिती जमिनीवर होते. माझी झाली ती हवेत, अर्ध्या दाढीनिशी, आणि तीही होणाऱ्या सासऱ्यासमोर!

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. शाळेपासूनचा माझा दोस्त दस्तगीर. त्याचं दाढी-कटिंगचं दुकान. एक दिवस कंबर धरून मला म्हणाला, "वश्या, बुटकं गिऱ्हाईक आलं की दिवसभर वाकून मरतोय मी. वरखाली होणारी खुर्ची करून दे की!"

"एवढंच व्हय? करतो की!"

माझं हे असंच. 'करतो की' आधी, विचार मागनं.

भंगारवाल्याकडं गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हौदा उचलायला हायड्रॉलिक सिलिंडर असतो ना, तसला जुना मागितला. त्यानं विचारलं, "शिंगल ॲक्टिंग देऊ का डबल ॲक्टिंग?"

आता या दोघांत फरक काय, हे मला काय माहीत! पण विचारायचं? भर बाजारात? उद्यमनगरच्या वेल्डरनं? मी आपलं मनातल्या मनात गणित केलं. खुर्चीवर माणूस बसणार किती? एक! मग डबल कशाला?

"शिंगलच द्या," मी ऐटीत म्हणालो. "गिऱ्हाईक एकटंच बसतंय."

भंगारवाला माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, माझ्या हुशारीवर खूश झाला!

सिलिंडरला नवीन वॉशर घातले, चांगले घट्ट. वर खुर्ची वेल्ड केली, बाजूला पायानं दाबायचा पंप. उद्घाटनाला तालमीतला एक पैलवान बसवला. देह म्हणजे म्हसरूच! पंप मारला तशी खुर्ची लोण्यासारखी वर. वॉल्व्ह सोडला, फुस्सऽऽ करून खाली. सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. दस्तगीरनं तर मला मिठीच मारली.

पुढच्या आठवड्यात जयसिंगपूरचे आप्पासाहेब, धान्याचे मोठे व्यापारी, आपल्या मुलीसाठी आमचं घर आणि मला बघायला यायचे होते. आईचा जीव टांगणीला. आधीची स्थळं "पोरगं लई वाळकं हाय" म्हणून परत गेलेली. खोटं कशाला बोलू, पावसात मी छत्री धरायचो नाही, छत्रीच मला धरून ठेवायची!

त्या सकाळी दाढीला गेलो. एक गाल उरकला तसा दस्तगीर खुशीत आला. "आज नवरदेव हायस! तुला सगळ्यात वर नेतो." आणि हाणला पंप! अहो, ट्रॉलीचा सिलिंडर तो. संपतोय कुठला? मी चाललो वर. आरसा खाली गेला, दिवाळीच्या झेंडूची माळ खाली गेली...

"अरं पंखा! पंखा बंद कर!"

पंखा थांबला. मीही थांबलो. छताला टेकून. एका गालावर साबण, एक गाल गुळगुळीत.

"बास झालं. आण खाली."

त्यानं वॉल्व्ह सोडला. खुर्ची ढिम्म.

"वश्या, ये की खाली!"

"मी कसा येऊ? तू आण की!"

मी बसल्या जागी उड्या मारल्या. खुर्ची झाडासारखी डुलायला लागली. उडी टाकावी तर बरोबर खाली स्टोव्ह, त्यावर उकळतं पाणी.

आणि तिथं, त्या छताखाली, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! डबल ॲक्टिंग म्हणजे दोन माणसांचा नव्हे हो! त्यात तेल एका बाजूनं जाऊन वर ढकलतं आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन खाली आणतं. शिंगलमध्ये तेल नुसतं वर ढकलतं. खाली यायचं ते आपल्या वजनानं. पैलवानाला वजन होतं. मला?

तेवढ्यात दारात एक पहाडासारखे गृहस्थ. फेटा, मिशा, आणि पोट त्यांच्या आधी आत आलेलं.

"दाढी करा बिगीबिगी. पोरगं बघायला जायाचंय." मग त्यांची नजर वर गेली. "आन् ह्ये पावणं वर काय करत्यात?"

मी वरनंच नमस्कार केला. दुसरं काय करणार?

"अडकल्यात," दस्तगीर म्हणाला. "वजन कमी पडतंय."

"कुठलं पोरगं बघताय?" मी वरनं चाचरत विचारलं.

"वसंता म्हणून हाय. मशीनीत लई डोकं चालतंय म्हणं त्येचं."

मी साबण दुसऱ्या गालावरही फासला. तेवढीच लपायला जागा!

पण माणूस मनाचा मोठा. फेटा काढून ठेवला, पुढं झाले, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि पाय उचलून सरळ लोंबकळले! फुस्सऽऽ! मी असा खाली आलो की आमची नाकं एकमेकांना टेकली.

"घाबरू नगंस," ते प्रेमानं म्हणाले. "कुनाचा रं तू?"

आता दस्तगीरला गप्प बसायला काय झालं होतं? "ह्योच की वसंता! खुर्ची बी त्येनंच केलीया!"

आप्पासाहेब तोंड दाबून हसत बाहेरच गेले, दाढी न करता. संपलं, म्हटलं. हेही स्थळ गेलं. आता आईला काय सांगू?

घरी गेलो तर हे बैठकीत पोहे खातायत! माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाऊन झालं, हात पुसले आणि आईला म्हणाले, "पोरगं पसंत हाय."

आईच्या डोळ्यांत पाणी. मला तर विचारल्याशिवाय राहवेना. "मामा, सकाळी एवढं बघूनसुद्धा?"

"बघितलं म्हणूनच की!" ते गडगडून हसले. "वर चढायचं सगळ्यांस्नी येतंय, जावईबापू. तुम्हाला उतरवाय मानूस लागतंय. आमची पोरगी माझ्यापेक्षा वजनदार हाय!"