सेल काढलेलं घड्याळ

आधीच सांगते, मी संशयी आहे, पण भित्री नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हताच, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही पटकन बसत नाही. नितीन, माझा नवरा, म्हणतो, "हिला देव भेटला तरी ही आधी आधार कार्ड मागेल." त्यामुळे हे वाचून "ताई, मनाचे खेळ असतील" असं लिहिणार असाल तर एवढं लक्षात घ्या... ते सगळं मी स्वतःला आधीच म्हणून झालंय.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो, तिसऱ्या मजल्यावर. घरात मी, नितीन आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. सासरे, म्हणजे अण्णा, गेल्या वर्षी वारले. अण्णांची सगळी नोकरी लासलगावच्या कांदा मार्केटात गेली. रोज सकाळी नाशिकहून एसटीनं जायचे. एसटी चुकू नये म्हणून घरातली झाडून सगळी घड्याळं पुढे केलेली. ते गेल्यावर मी एकेक घड्याळ बरोबर लावून टाकलं. फक्त हॉलमधल्या घड्याळापाशी आईंनी अडवलं. "त्याला हात लावायचा नाय," म्हणाल्या. मी नाही लावला.

आता माझं काम. एका ओपन-सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नल, त्यातला घड्याळांचा कोपरा मी सांभाळते. कॉम्प्युटर बंद असताना वेळ लक्षात ठेवायला आत एक छोटी चिप असते, तिला बटणाएवढा सेल असतो. अशा चिपांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जगभरातले लोक दुरुस्त्या पाठवतात. मी त्या तपासते, गोळा करते आणि परदेशात बसलेल्या मुख्य मेंटेनरकडे, म्हणजे शेवटचा निर्णय घेणाऱ्याकडे, पाठवते. सगळा कारभार सगळ्यांना दिसेल अशा ईमेलच्या लिस्टवर. तिथे एक रीत आहे – ज्यानं प्रत्यक्ष चालवून पाहिलं, त्यानं खाली "तपासलं" म्हणून आपलं नाव लिहायचं. न तपासता नाव लिहिणं म्हणजे खोटी साक्ष.

नांदगावच्या योगेशनं एक दुरुस्ती पाठवली होती. शेतीपंप दुरुस्तीचं दुकान चालवून हा मुलगा रिकाम्या वेळात ड्रायव्हर लिहायचा. दुरुस्ती साधी होती आणि मला फार आवडली होती. सेल संपला की जुना ड्रायव्हर काहीतरी भलतीच तारीख ठोकून द्यायचा. योगेशचं म्हणणं, वेळ ठाऊक नसेल तर ड्रायव्हरनं सरळ कबूल करावं... माहीत नाही. बस.

तपासायला माझ्याकडे ती चिप बसवलेला एक छोटा बोर्ड आहे. मी त्या बोर्डाला मोबाइलशी जुळवून बरोबर वेळ दिली, सेल काढला, विजेची वायर काढली. दुपारचं जेवण उरकून पुन्हा वायर लावली. आता "माहीत नाही" यायला हवं होतं. स्क्रीनवर आली चक्क वेळ! आजची तारीख, आणि वेळ... काही मिनिटं पुढची.

माझा संशय कुणावर जाणार? योगेशवर. म्हटलं, यानं काहीतरी लबाडी करून आकडा भरलाय आणि न तपासताच नाव लिहिलंय. लगेच फोन लावला.

"योगेश, तू हे खरंच बोर्डावर चालवलंस?"

"म्हणजे काय ताई! दोनदा चालवलं. बरोबर एरर येतीय."

"माझ्याकडे नाही येत. मला हे लिस्टवर लिहावं लागेल."

तो म्हणाला, "ताई, लिहा, पण आधी एकदा बघा. एका कंपनीचा इंटरव्ह्यू हाय माझा. ते लोक लिस्ट वाचूनच घेणार हायेत. तिथं माझ्या नावापुढं खोटारडा लागलं, तर ते कधीच पुसायचं नाय."

खरं होतं. त्या लिस्टवर गेलेली ईमेल ब्रह्मदेवालाही परत घेता येत नाही. आणि दुरुस्त्या पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. माझी ईमेल अर्धी लिहून तयार होती. ती मी तशीच ठेवली आणि जुना ड्रायव्हर घालून पाहिला. तरी तेच! म्हणजे गडबड योगेशच्या कोडमध्ये नव्हती. चिपमध्ये वीज गेल्याची एक खूण उमटते, ती खूणच उमटत नव्हती. चिप शपथेवर सांगत होती की मी बंद पडलेच नाही.

मग मी हार्डवेअरवर घसरले. कुठेतरी चार्ज उरत असेल म्हणून सेलच्या जागी चमचा टेकवून शॉर्ट केलं. इंटरनेटची केबल तर लावलेलीच नव्हती, म्हणजे वेळ तिथूनही आली नव्हती. मग नितीनवर संशय. एप्रिल फूलला यानं माझा माऊस सेलोटेपनं चिकटवला होता, त्याचा काय भरवसा! बोर्ड कपाटात कुलपात ठेवला, किल्ली माझ्या पर्समध्ये, सेलही पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी दुपारी काढून लावला. वेळ हजर. पुढची.

पाणी प्यायला हॉलमधून जाताना मान वर गेली... अण्णांचं घड्याळ. पळत परत आले, स्क्रीन पाहिली, पुन्हा हॉलमध्ये गेले. दोन्ही जुळत होती. उगाच खोटं कशाला बोलू, भीती वाटली.

पण मी म्हणजे मी. भीती बाजूला ठेवून बोर्डाच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे कुणी बदलला तर कळेल, आणि नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडून थेट नांदगाव गाठलं. योगेशच्या दुकानात पंपांच्या गर्दीत जागा करून, त्याला हात न लावू देता, मी स्वतः वायर लावली.

एरर. वेळ अवैध. जसं यायला हवं तसं.

मी पुन्हा वेळ भरली, वायर काढली, थांबून परत लावली. पुन्हा एरर. योगेश सुटकेनं हसला. "बघा ताई! तुम्ही तर लय घाबरवलं राव." मी ठिपका पाहिला. माझाच बोर्ड होता. त्या पोराला मी काय काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली, आणि त्याच्या आईनं आग्रह करून वाढलेली भाकरी मी मान खाली घालून खाल्ली.

घरी आल्यावर पर्ससुद्धा ठेवली नाही, आधी बोर्ड लावला. लक्षात घ्या, नांदगावला चिप वेळ विसरली होती. त्यानंतर तिला कुणीही वेळ दिली नव्हती. सेल माझ्याजवळ. तरी स्क्रीनवर वेळ आली... हॉलमधल्या घड्याळाची.

आई मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, हसतील नाहीतर रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "म्हणजे त्या यंत्रानं माहीत नाय म्हणायचं, असं ना?"

"हो."

"अगं, मग या घरात कसं म्हणेल? त्यांनी जन्मात कधी माहीत नाय म्हटलं होतं का?"

आणि मला खरंच आठवलं. अण्णांना रस्त्यात कुणी पत्ता विचारला की ते कधी नकार देत नसत. न पाहिलेल्या गल्लीचाही पत्ता छातीठोकपणे सांगायचे, वर चार पावलं सोबत जायचे. विचारणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवू नये, म्हणायचे. मला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

अर्थात, आईंवरही माझा संशय आहेच. पण लॅपटॉप कुठून चालू होतो हेही त्यांना ठाऊक नाही.

ती अर्धी ईमेल मी पुसली. नवी लिहिली : दुरुस्ती बरोबर आहे, नांदगावला तपासली, खाली माझं नाव. नाशिकला याच बोर्डावर चिप वेळ सोडत नाही, पण त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. झालेलं सगळं खरं लिहिलं, अण्णा सोडून. दुरुस्ती कर्नलमध्ये गेली आणि योगेशला नोकरीही लागली. पेढे घेऊन आला होता. त्यानं बोर्ड लावून पाहिला आणि पेढा तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

मुख्य मेंटेनरनं मात्र विचारलंच. नाशिकला चिप असं का करते, कारण काय? मी खूप वेळ स्क्रीनसमोर बसले. चार-पाच तर्क लिहिले, खोडले. शेवटी योगेशच्या दुरुस्तीनं जे म्हणायला शिकवलं तेच टाइप केलं – माहीत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, "किती वाजले गं?"

मोबाइल हाताशीच होता. पण मी बोर्डाकडे पाहिलं, आणि तो म्हणत होता ती वेळ सांगितली.