चार नंबरचा कॅमेरा

बुधवारी दुपारी कॉलेजांच्या मॅचेस असत. त्या दिवशी वैजयंती तुळपुळे डबा भरून सकाळीच निघायची आणि मैदानामागे उभ्या असलेल्या लांबलचक पांढऱ्या व्हॅनमध्ये एकदा शिरली की मॅच संपेपर्यंत बाहेर यायची नाही. व्हॅनला खिडक्या नव्हत्या. खेळ दिसायचा तो समोरच्या पडद्यांवर, मैदानावरच्या सगळ्या कॅमेऱ्यांमधून एकाच वेळी. तिचं काम रिप्लेचं. गोल झाला, फाऊल झाला, कुणी पडलं, की तो क्षण कुठल्या कॅमेऱ्यात नीट आलाय ते भराभर शोधायचं आणि डायरेक्टरला सांगायचं. तो हो म्हणाला की बटण दाबायचं. मग घरोघरी लोक तो क्षण पुन्हा बघायचे.

मुंबईत ती व्हिडिओ एडिटर होती. नवऱ्याला, शशीला, इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाची नोकरी लागली आणि दोघं इकडे आली. मुलगा नकुल शाळेत जाईपर्यंत तिचं काम सुटलेलंच होतं. पुढे एका छोट्या प्रॉडक्शन कंपनीने तिला परत उभं केलं, आणि त्या कंपनीकडे युनिव्हर्सिटी फुटबॉलचं कंत्राट आलं तेव्हा गॅरेथ या डायरेक्टरने तिला रिप्लेच्या खुर्चीत बसवलं. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण माणसाचं अंग पडण्याआधी कुठे कलतं, कुणाची नजर कुणावर आहे, हे तिला पटकन दिसायचं. गॅरेथला तेवढं पुरे होतं. तो तिला व्ही म्हणायचा, कारण तिचं अख्खं नाव त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

मुलींच्या लीगमध्ये हॅदरली युनिव्हर्सिटीची टीम सगळ्यांत गाजलेली. एका एनर्जी ड्रिंक कंपनीचं नाव त्यांच्या जर्सीवर होतं, आणि तीच कंपनी चॅनेलवरच्या या कार्यक्रमाचीही स्पॉन्सर होती. हॅदरलीची कॅप्टन आयला फेअरबर्न त्या ड्रिंकच्या जाहिरातीत होती. बसस्टॉपवर तिचा चेहरा दिसायचा. व्हॅनमध्ये कुणी कधी हुकूम सोडला नव्हता. पण एक कॅमेरा कायम आयलावर असायचा, हॅदरलीचा गोल तीनतीनदा लागायचा, आणि त्यांच्या पोरींनी कुणाला पाडलं तर गॅरेथ म्हणायचा, “चला, पुढे चला.” समोरच्या टीमने जीव तोडून वाचवलेला बॉल एकदा दिसला तर दिसला. पहिल्या वर्षी वैजयंतीला हे खटकायचं. दुसऱ्या वर्षी गॅरेथने काही म्हणायच्या आधीच तिची बोटं आयलाच्या कॅमेऱ्याकडे जायला लागली.

मार्चमधल्या सेमीफायनलला हॅदरलीसमोर केल्डन कॉलेज होतं. केल्डन लीड्समधलंच, नर्स आणि शिक्षिका होऊ घातलेल्या मुलींचं. त्यांना कुणी स्पॉन्सर नव्हता आणि त्या इथवर पोचतील असं कुणाला वाटलंही नव्हतं. मॅच संपत आली तरी दोन्ही बाजूंना गोल नव्हता. तेवढ्यात कॉर्नर किकला गोलसमोर गर्दी झाली, सगळ्या एकदम उडाल्या, आणि खाली आल्या तेव्हा आयला तोंड धरून बसली होती. बोटांमधून रक्त येत होतं. शेजारी केल्डनची मेगन होलरॉइड गुडघ्यांवर होती. रेफरीने मेगनला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं.

एक नंबरच्या कॅमेऱ्यात मेगनचं कोपर आयलाच्या तोंडावर बसताना स्वच्छ दिसत होतं. वैजयंतीने ते लावलं. लावता लावता तिची नजर गोलपोस्टच्या मागच्या चार नंबरच्या कॅमेऱ्यावर गेली. त्यात आयलाची मूठ दिसत होती. मेगनची जर्सी पाठीमागून मुठीत पकडून तिने तिला हवेतच खाली खेचलं होतं. मेगनचा तोल गेला आणि हात फेकला गेला.

“गॅरेथ, चार नंबर बघ. ओढलंय तिला आधी.”

“एक नंबरच परत. स्लो.”

“अरे, पण चारमध्ये—”

“व्ही, प्लीज. एक नंबर.”

तिने एक नंबर लावला. मग आणखी सावकाश. मग नुसता आयलाचा चेहरा. तेवढ्या सावकाश कुठलीही गोष्ट मुद्दाम केल्यासारखीच दिसते, हे इतकी वर्षं एडिटिंग केलेल्या वैजयंतीला ठाऊक होतं. कोपर येत होतं, येतच होतं, आणि मेगन दात आवळून जणू नेम धरत होती. कॉमेंटेटर म्हणाला, असल्या वागण्याला खेळात जागा नाही. हॅदरलीने नंतर गोल केला आणि मॅच जिंकली.

संध्याकाळी ड्रिंक कंपनीने ती क्लिप आपल्या पानावर टाकली, आयलाच्या हिमतीचं कौतुक करत. लोकांनी ती डोक्यावर घेतली. मेगनचं नाव, कॉलेज, फोटो, सगळं लोकांनी शोधून काढलं. लीगने तिच्यावर वर्षभराची बंदी घातली आणि तिच्या अपिलाच्या सुनावणीची तारीख दिली.

वैजयंती घरी काही बोलली नाही. शेवटचा शब्द डायरेक्टरचा असतो, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण पुढच्या आठवड्यात शशी हॉस्पिटलमधून आला तो चिडूनच.

“काय माणसं असतात बघ,” बूट काढता काढता तो म्हणाला. “आमच्या वॉर्डात एक स्टुडंट नर्स आहे. चांगली मुलगी, शांत. आज एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलीने सांगितलं, हिला आमच्या आईजवळ येऊ देऊ नका, ही टीव्हीवर मारामारी करते. सगळ्यांच्या देखत! पोरीने हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि स्टोअररूममध्ये जाऊन बसली.”

“नाव काय तिचं?”

“मेगन. का गं?”

वैजयंती किचनच्या स्टुलावर बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. शशीने विचारलं, “मग आता?”

“गॅरेथशी बोलते.”

“आणि त्याने नाही म्हटलं तर?”

वैजयंतीने उठून चहाचं आधण ठेवलं.

गॅरेथ वाईट माणूस नव्हता. नकुलच्या कॉलेजच्या अॅडमिशनसाठी त्याने आपला एक रविवार घालवला होता. तिचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाला, “आपण काही खोटं दाखवलेलं नाही, व्ही. जे घडलं तेच दाखवलं.”

“ते एकदाच घडलं, गॅरेथ. आपण ते परत परत दाखवलं. आणि दुसरं एकदाही दाखवलं नाही.”

“आयलाला जर्सी ओढताना दाखवू मी? तिच्या जाहिरातीवर हा कार्यक्रम चालतो. स्पॉन्सर गेले तर उद्या ही व्हॅन मैदानावर येणारच नाही. मग केल्डनलाही कुणी बघणार नाही. एवढं तरी समजून घे.”

“निदान लीगला तरी पाठव. सुनावणी आहे तिची.”

“त्यांनी टीव्हीवर गेलेला प्रोग्रॅम मागितला, आपण दिला. इतर कॅमेऱ्यांचं त्यांनी विचारलेलं नाही.” मग तो खाली बघत म्हणाला, “आणि तूही विचारू नकोस.”

दोन दिवस तिने काढले. नोकरी गेली तर घर उपाशी पडणार नव्हतं, पण ते काम तिला फार उशिरा आणि मोठ्या मुश्किलीने मिळालं होतं. या वयात पुन्हा दारोदार फिरायची तिला मनापासून भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी तिने लीगच्या ऑफिसला फोन केला. आपलं पूर्ण नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि म्हणाली, “मी त्या मॅचला रिप्लेवर होते. गोलच्या मागे आणखी एक कॅमेरा होता. सुनावणीच्या आधी त्यातलं चित्रण मागून घ्या.”

लीगने मागितल्यावर प्रॉडक्शन कंपनीला ते द्यावंच लागलं. मेगनची बंदी उठली. हे चॅनेलवर कुणी सांगितलं नाही. लीगच्या वेबसाइटवर एका ओळीत ते आलं, तेही आतल्या पानावर. ड्रिंक कंपनीच्या पानावर जुनी क्लिप तशीच होती आणि तिच्याखाली लोक अजून मेगनला शिव्या घालत होते. वैजयंतीला कुणी काढून टाकलं नाही. फक्त पुढच्या बुधवारपासून तिला बोलावणं येईनासं झालं.

मेगनला कुणीतरी वैजयंतीचं नाव सांगितलं असावं, आणि तुळपुळे आडनावाचे डॉक्टर तर तिच्याच वॉर्डात येत. तिने शशीकरवी निरोप धाडला आणि दोघी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये भेटल्या. मेगन युनिफॉर्ममध्ये होती. टीव्हीवर ती धिप्पाड वाटली होती. समोर बसलेली मुलगी मध्यम उंचीची, नखं खाल्लेली. तिने वैजयंतीसाठी चहा आणून ठेवला.

“थँक यू,” ती म्हणाली. “माझ्या आईनेही सांगायला सांगितलंय.” मग तिने विचारलं, “तुम्ही ते कधी बघितलं? नंतर?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नाही. तेव्हाच,” वैजयंती म्हणाली. “तू मैदानातून बाहेर जायच्या आधी.”

मेगनने कप खाली ठेवला. “ड्रेसिंग रूमच्या वाटेवर मोठा स्क्रीन होता,” ती म्हणाली. “मी तिथे थांबून तेच बघत होते, परत परत. तिसऱ्या वेळी मलाच वाटायला लागलं, की मी मारलं असेल.”

वैजयंतीने टेबलावरून हात पुढे केला. मेगनने तो धरला नाही, पण आपला हातही मागे घेतला नाही. “मी म्हटलं होतं त्यांना,” वैजयंती म्हणाली. “ऐकलं नाही त्यांनी. पण मी एकदाच म्हटलं. मग मी बटण दाबलं. सॉरी, मेगन.”

“हं,” मेगन म्हणाली. तिच्या ब्रेकची वेळ संपत आली होती. उठताना तिने दोघींचे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले आणि निघून गेली.

केल्डनच्या टीमने बोलावूनही मेगन परत खेळली नाही. परीक्षा पास होऊन ती त्याच हॉस्पिटलमध्ये कायमची लागली. शशीला लिफ्टमध्ये भेटली की ती वैजयंतीची चौकशी करते.

ऑगस्टमध्ये गॅरेथचा फोन आला. नवा सीझन सुरू होत होता आणि रिप्लेला भरवशाचं माणूस मिळत नव्हतं. “झालं गेलं सोड, व्ही,” तो म्हणाला. “परत ये.”

“स्पॉन्सर तोच आहे?”

“तोच आहे.”

“आणि मी चार नंबर म्हटलं तर तू बघशील?”

गॅरेथ म्हणाला, “तुला माहितेय, व्ही, मी असं वचन नाही देऊ शकत.”

“माहितेय,” ती म्हणाली, आणि नकुलची खुशाली सांगून तिने फोन ठेवला.

सप्टेंबरपासून ती कौन्सिलच्या सभांच्या प्रक्षेपणाचं काम करते. रस्त्यांचे खड्डे, कचऱ्याचे डबे, शाळांची वाहतूक. पैसे कमी आहेत आणि बघणारे त्याहून कमी. तिथे जो बोलतो त्याच्यावर कॅमेरा ठेवायचा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत हलवायचा नाही, एवढाच नियम आहे.