मास्तरांचे पाय

विमान चालवायला शिकवणारा माणूस कडक आवाजाचाच असणार, अशी आपली समजूत. मास्तर तसे नव्हते. त्यांना शिकवणाऱ्याने बोटांच्या पेरांवर पट्टी मारून मारून त्यांचा जीव नकोसा केला होता. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपण कुणावर ओरडायचं नाही. आणि ते पाळलंही. माणूस सोन्यासारखा, यात वादच नाही. पण त्यांना एक खोड होती, ती पायांची.

शिकाऊ विमानात दोघांच्याही पायाशी सारखीच पेडलं असतात. चाकं टेकताना वारा बाजूने आला की विमान तिरकं पळू बघतं. ते पायांनीच सरळ ठेवावं लागतं. शिकणाऱ्याचं चुकायला लागलं की मास्तर तोंडाने काही बोलत नसत. हात मांडीवर, नजर समोर, आणि बुटाचं टोक हळूच पेडलवर. विमान सरळ व्हायचं, शिकणारा खूश, आणि मास्तर म्हणायचे, "छान!" घरच्या गाडीत बायकोशेजारी बसले तरी त्यांचे पाय चालूच. "गाडी मी चालवतेय की तुम्ही?" ती करवादायची. मैदानावरचा विमानांचा मेकॅनिक तर तोंडावर म्हणायचा, "मास्तर, पोरं शिकतात की नाही ठाऊक नाही, तुमचे बूट मात्र झिजतात." मास्तर हसण्यावारी न्यायचे. त्याचं ऐकलं असतं तर!

औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी शिकायला यायची. दुकानातली पाळी संपली की धापा टाकत मैदानावर हजर. मेकॅनिकने तिचं नाव पाडलं गोळीवाली. बोलण्यात चुरचुरीत, पण विमान टेकवताना तिचे पाय दगड व्हायचे. मास्तरांचा तिच्यावर भारी जीव. एकदा वारा असा उठला की बाकीच्यांनी विमानं बाहेरच काढली नाहीत. ही दोघं मात्र वरच होती. तशा वाऱ्यात विमान लोण्यासारखं उतरलं. मेकॅनिकने टाळ्या वाजवल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने ते रंगवून सांगितलं. मास्तरांनी तेव्हाही नुसतं "छान" म्हटलं.

मग तिच्या एकटीच्या उड्डाणाचा दिवस आला. मास्तर उतरले, आपल्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा बांधला आणि दार लावलं. ती वर गेली, फेरी मारून खाली आली. वारा आडवा झाला होता, पण फार नाही. चाकं टेकली आणि विमान डावीकडे ओढलं गेलं. मैदानाच्या कडेला उभ्या मास्तरांचा उजवा पाय गवतात कचकन दाबला गेला. विमान धावपट्टी सोडून मऊ जमिनीत घुसलं, पुढचं चाक रुतलं आणि ते पाठीवर उलटलं. पट्ट्याला उलटी लोंबकळणारी मुलगी मेकॅनिकने बाहेर काढली. खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला.

चौकशीला आलेल्यांनी विचारलं, "ही मुलगी आधी विमान कसं उतरवायची?"

"छान," मास्तर म्हणाले. शिकाऊची चूक, असा निकाल लागला. त्या एका ‘छान’ने मास्तरांची झोप उडवली.

पुढे मेकॅनिककडून कळलं, गोळीवाली आता येणार नाही. मास्तरांना राहवेना. तिने परत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते तिच्या घरी गेले. हात गळ्यात अडकवून ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. उलट तीच त्यांची समजूत घालू लागली.

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नीटच शिकवलं होतंत. एवढ्या वाऱ्यात नाही का मी उतरवलं? मला येत होतं हो. त्या दिवशी मीच माती खाल्ली."

मास्तरांनी मान खाली घातली. "त्या वाऱ्यात पाय माझे होते. नेहमीच असायचे. तुझी चूक तुला मी कधी कळूच दिली नाही. दोष माझा आहे, तसं मी चौकशीवाल्यांनाही सांगतो. तू परत ये. आपण पहिल्यापासून शिकू."

बोलून त्यांना जरा हलकं वाटलं. त्यांनी आशेने वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एकदाही नाही, सर? एकदा तरी मी एकटीने...?"

खोटं बोलावं, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी स्वतः उतरवलेलं विमान एकच," ती म्हणाली. "ते उलटलेलं."