गुलाबी दात

डॉक्टरांनी एक्स-रेची चिमुकली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. माझ्या वरच्या, समोरच्या दाताच्या आत, हिरडीच्या रेषेपाशी, काळा फुगा दिसत होता.

"हा दात आतून विरघळतोय," त्या म्हणाल्या. "याला इंटर्नल रिझॉर्प्शन म्हणतात. तुमच्याच शरीरातल्या पेशी त्याला खाताहेत. दात पातळ झालाय, म्हणून आतलं रक्त गुलाबी दिसतंय."

दुखत तर काहीच नव्हतं. आदल्या आठवड्यात जेवताना माझी बायको शालन म्हणाली, "आवं, तुमचा दात गुलाबी दिसतुया." आरशात पाहिलं, तर खरंच. घासूनही रंग जाईना. म्हणून साताऱ्याहून एस.टी.नं सांगली गाठली.

मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. ते वरच्या दातांना टेकवूनच फुंकावं लागतं. दात गेला असता तर सूर गेला असता, आणि घर त्याच सुरावर चालत होतं.

"पूर्वी कधी मार लागला होता?"

लागला होता. वाईच्या एका वरातीत घोडं बिथरलं, गर्दी अंगावर आली आणि क्लॅरिनेट दातावर आदळलं. त्याला वर्षं लोटली होती.

"दुधाच्या दातांची मुळं अशाच पेशी विरघळवतात, म्हणून ते अलगद पडतात," डॉक्टर म्हणाल्या. लहानपणी ज्या पेशींनी नव्या दातांना जागा करून दिली, त्यांनीच आता भलतीकडं काम काढलं होतं!

यावर उपाय रूट कॅनल, म्हणजे दाताच्या आतली नस काढणं. रक्त मिळेनासं झालं की त्या पेशी मरतात. पण मुळाला बाहेरपर्यंत भोक पडलं असेल, तर दात वाचणं अवघड. ते उघडल्यावरच कळणार होतं.

हिरडी बधिर केली. दात उघडताच भळाभळा रक्त आलं. मी खुर्चीचे हात आवळून धरले. नस पुरती निघाली, तसं रक्त थांबलं.

"भोक नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या.

आत चुन्याच्या जातीचं औषध भरलं. काही आठवड्यांनी रबरासारखा गट्टा-पर्चा भरून दात कायमचा बंद केला.

कुणाला असा गुलाबी दात दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका.

घरी क्लॅरिनेट हातात घेऊन मी नुसताच बसलो. शालन म्हणाली, "वाजवा की. भ्याचं न्हाई."

फुंकलं. नस गेलेला दात दगडासारखा मुका असेल, असं मला वाटलं होतं. पण सूर त्याच दातातून कवटीत चढला आणि आतूनच कानात भरला. दम संपेपर्यंत मी तो सोडला नाही.