ओळख नसलेल्यांची माती

पाच खुर्च्या, एक कपाट आणि एक चार्जर, एवढंच आमच्या स्टाफरूमचं वैभव. पण किस्से म्हणाल तर विचारू नका! बोरीत कुणी वारलं की शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो आणि चर्चा सुरू होते, 'मातीला जायचं का?' माणूस जवळचा असला तर प्रश्नच नाही. पंचाईत होते ती नुसतं नाव ऐकलेल्यांची! त्या चर्चांतूनच हे सगळं साठत गेलंय.

*

सेलूहून येणाऱ्या देशमुख सरांनी एकदा नियमच काढला. "ज्याच्या घरी चहा पिला, त्याच्या मातीला जायचं. बाकी सोडून द्या." सगळ्यांना पटलं!

पुढच्याच आठवड्यात पटनोंदणीसाठी आम्ही घरोघर फिरलो. दारोदार कपबश्या बाहेर येत होत्या आणि देशमुख सर दोन्ही हात हलवत होते, "नको, नको!" भर उन्हात अकरा घरं कोरडी! शेवटी आमचे सेवक देवराव मामा म्हणाले, "सर, निदान पाणी तरी घ्या. पाण्याचं कायी नियमात न्हाई!"

*

एकदा एका वयस्कर गृहस्थांचं नाव ग्रुपवर आलं. कुणालाच ओळख लागेना. मधली सुट्टी चर्चेत गेली, माती चुकली, सावडणंही चुकलं. "तेरवीला तरी जाऊ" म्हणून गेलो आणि हार घातलेल्या फोटोत रोजचा चेहरा!

रोज शाळेसमोर लहान पोरांचा हात धरून त्यांना रस्त्यापलीकडे सोडणारे बाबा! सहा वर्षं रोज दिसत होते, नाव कुणी विचारलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

*

गायकवाड सरांना मात्र ही चर्चाच मान्य नाही. मेसेज आला की मोटरसायकलला किक! मी एकदा म्हणाले, "सर, तुम्ही तर त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं!"

"मॅडम," ते म्हणाले, "वडील गेल्यावर आईला ताडकळसहून हितं आणलं. तिकडं अख्खी गल्ली तिची होती. हितं तिला कोण वळखतंय? उद्या तिचं काही झालं तर खांदा द्यायला माणसं कुठून आणू? म्हणून आधी मी जायलोय."



*

अशाच एका मातीत लोकांनी गायकवाड सरांनाच धरलं, "सर, श्रद्धांजलीचे दोन शब्द बोला!" देशमुख सर सोबत होते, त्यांनीच हे सांगितलं. गायकवाड सरांना मयताचं पूर्ण नावही ठाऊक नव्हतं! आधी तिघांची लांबलचक भाषणं झालेली, लोक घड्याळं बघत होते.

सर उभे राहिले. "मी यांना वळखत नव्हतो. वळख व्हायला पायजे होती. राहून गेली." एवढं बोलून बसले.

सगळं स्मशान रडलं!

*

हे सगळं सरांच्या आईच्या कानावर गेलं. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पण कडक! "माझ्या मातीची काळजी तू करायलास? मी अजून जित्ती हाय. माझी वळख मी करते!" म्हणाली, आणि पुढच्या मयतीला सरांच्या गाडीवर मागं बसून हजर!

ओसरीवर बायकांत येऊन बसली, अगदी माझ्या शेजारी. एकीनं डोळे पुसत विचारलं, "मावशी, तुमी मयताच्या कोण?"

"कोणी न्हाई बाई. आता नंबर माझाच हाय, म्हणून तोंड दाखवायला आले!"

बायकांनी पदरात तोंडं खुपसली. कोण रडतंय आणि कोण हसतंय, काही कळेना!

*

आणि आता परवाचं ऐका! गायकवाड सर म्हणजे कधी रजा न घेणारा माणूस, आणि टेबलावर त्यांचा रजेचा अर्ज! कारण: घरगुती. फोन बंद. देवराव मामा घराकडे जाऊन आले. "कुलूप हाय. शेजारचे म्हणायलेत, आजीला पहाटंच गाडीत घालून परभणीला नेलं."

दुपारी गाडी परत आल्याची खबर आली. मुख्याध्यापक बाई नुसत्या "चला" म्हणाल्या. जायचं का, असं त्या दिवशी कुणी विचारलंच नाही! शाळा सुटल्या सुटल्या निघालो. वाटेत बायका विचारायच्या, मामा सांगायचे, आणि त्या डोक्यावर पदर घेऊन मागे यायच्या. मग त्यांचे नवरे, मग दुकानदार. सरांच्या दारात पोचून मागे पाहिलं तर गल्ली भरलेली!

अंगणात बाजेवर आजी बसलेली. डोळ्यावर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आली होती!

सर पाण्याचा तांब्या हातात धरून गर्दीकडे बघतच राहिले. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं आणि डोळ्यांना धार लागली. आजीनं चष्मा जरासा वर केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना नीट पाहून घेतलं.

"आलाच हाव तर च्या घेऊन जा," ती म्हणाली. "पण आजची हजेरी धरणार न्हाई मी. त्या दिशी पुन्हा यावं लागंल!"