फिल्टरचं पहिलं पाणी

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली पाण्याचा फिल्टर बसवून घेतला. तो मी मायसाठी बसवला होता. तिनं त्यातला एक घोटसुद्धा कधी घेतला नाही.

माय तेव्हा बेंबळीकडच्या आमच्या गावातून कायमची माझ्याकडे राहायला आली होती. मी उस्मानाबादला हायस्कुलात शिक्षक होतो. आम्ही काही शिक्षकांनी मिळून सहकारी सोसायटी काढली होती आणि दोन-दोन खोल्यांची घरं बांधली होती. घरात ओटा, ओट्याला बेसिन, वर नळ. माझ्या आधी आमच्या घराण्यात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे त्या नळाकडे पाहूनसुद्धा मला भरून येई. मायला पोटाचा त्रास होता. डॉक्टर म्हणाले, "सोसायटीच्या टाकीतलं पाणी त्यांना तसंच देऊ नका." म्हणून मी सोलापूरहून फिल्टर आणला. स्टीलचं एक नळकांडं, आत कोळसा.

इथं आधीचं थोडं सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात मी मॅट्रिकला होतो. गावच्या विहिरीत टँकर रिकामा करीत. आमच्या वस्तीतल्या बायकांनी विहिरीवर चढायचं नाही, असा रिवाज होता. आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागून बरीच वर्षं झाली होती, तरी रिवाज तोच. माय दिवसभर खडी फोडायची आणि तिथून घागर घेऊन विहिरीच्या कट्ट्याखाली जाऊन उभी राहायची. वरच्या कुणाच्या मनात आलं तर तिच्या घागरीत पोहरा ओतला जाई. मी उठलो की म्हणायची, "तू बस वाचत. तुझी परीक्षा हाय." त्या उन्हाळ्यात मी एकही घागर उचलली नाही. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या पाण्यावर उभं आहे.

फिल्टर बसवायला उस्मानाबादेतलाच एक नळफिटर आला. बेसिनखाली आडवा होऊन त्यानं पाइप कापला, नळकांडं भिंतीला ठोकलं, पाइपच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून पाना फिरवला. माय दारात बसून बघत होती.

"सर, पहिलं पाणी प्यायचं न्हाय बरं का," तो म्हणाला. "कोळशाचं काळं येतंय. अर्धा घंटा सोडून द्या. मग बगा, आरशावानी पाणी."

"सोडून म्हंजे कुठं?" मायनं विचारलं.

"मोरीत की, मावशी."

"मोरीला तहान लागली व्हय रं?"

फिटर मनापासून हसला. मीही हसलो. त्यानं नळ सोडला. शाईसारखं पाणी बेसिनमधून खाली निघालं. माय उठली, कोपऱ्यातली आपली घागर आणली आणि नळाखाली धरली. ती भरल्यावर बायकोची कळशी लावली, मग पातेलं.

"मावशी, टँकरच्या लाइनीत उभ्या हायसा का काय?" फिटर म्हणाला. "काय करनार त्या काळ्या पान्याचं?"

"भांडी घासता येत्याल. निवळलं की लुगडं धुता येतंय."

ती बरोबर बोलत होती. कोळशानं भांडी घासतातच. पण परक्या माणसासमोर माझ्या आईनं असं नळाला भांडी लावत बसावं, याची मला लाज वाटली. मी ग्रॅज्युएट. शाळेत मी स्वच्छतेचे धडे शिकवत होतो.

"माय, घाण आहे ते. सोड," असं म्हणून मी घागर तिच्या हातातून घेतली आणि मोरीत पालथी केली. मग कळशी, मग पातेलं. मायनं अडवलं नाही. भुईवर ठेवलेली रिकामी घागर तिनं उचलली आणि पदरानं आतून पुसली.

विहिरीवरच्या लोकांनी तिला तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं. पण तिची भरलेली घागर कुणी ओतून दिली नव्हती. ते मी केलं.

अर्धा तास व्हायच्या आतच नळानं फुस्स केलं. टाकी संपली होती. ती भरणारा टँकर आता दोन दिवसांनी यायचा होता. फिटर हत्यारं गोळा करत म्हणाला, "सर, आता पानी आल्यावर बगा." आणि गेला.

माय घागर घेऊन बाहेर पडली. सोसायटीच्या टोकाला नगरपालिकेचा हापसा होता. मी मागोमाग गेलो. "माय, दे इकडं, मी आणतो."

"तुझी शाळा हाय. जा तू," ती मागं न बघता म्हणाली.

दोन दिवसांनी टँकर आला. फिल्टरचं पाणी खरोखरच आरशासारखं पडू लागलं. मी पहिला पेला भरून मायपुढे धरला.

"मला नगं."

"डॉक्टरनं सांगितलंय, माय. तुझ्यासाठीच बसवलाय तो."

"हापशावर मी माझ्या हातानं भरती. कुणी ओतायला लागत न्हाय," ती म्हणाली. "आन् कुणी उपडं बी करत न्हाय."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे, लेका." पण पाणी घेतलं नाही. पुढं गुडघे धरले, तरी ती रोज अर्धी-अर्धी घागर आणत राहिली. पदराच्या दुहेरी घडीतून गाळून घ्यायची. पोटदुखी गेली नाही.

एकदा शाळेतले एक सहकारी चहाला आले होते. ते वरच्या जातीच्या तालेवार घरातले होते, पण आमच्याकडे मोकळेपणानं खात-पीत. पाणी घ्यायला ते स्वतःच उठले आणि कोपऱ्यातल्या घागरीकडे वळले.

"ते नको, सर," बायको घाईनं म्हणाली. "ती सासूबाईंची घागर. त्यांचं पाणी वेगळं असतं."

त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेला घेतला, फिल्टरच्या नळाखाली धरला आणि तो भरेपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.